गंजलेली टाकी : चालू ठेवायची की थांबवायची?

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटच्या प्रश्नोत्तरांपैकी दोन प्रश्न घेतले आहेत.)

विषयाचं नाव ऐकून बरेच जण येणार नाहीत असं मला वाटलं होतं. तुम्ही आलात, बरं वाटलं. मी सुरुवात कुकरपासून करतो, कारण प्रेशर व्हेसल म्हटलं की कारखाना डोळ्यांसमोर येतो आणि कारखाना म्हटलं की "आपला काय संबंध" असं होतं. पण प्रेशर व्हेसल तुमच्या ओट्यावर आहे. समजा कुकरचा तळ थोडा फुगलाय. गॅसवर ठेवला की डुगडुगतो. शिट्टी व्यवस्थित होते, भात शिजतो. आता तो वापरायचा की नाही?

घरात या प्रश्नाला दोन उत्तरं मिळतात. आई म्हणते, "पंधरा वर्षं वापरतेय, काही होत नाही." मुलगा म्हणतो, "फेकून दे, नवा घेऊ." दोघांनीही कुकरला हात लावून काही मोजलेलं नाही. (हशा) माझी सगळी नोकरी या दोन उत्तरांच्या मधे गेली. कारखान्यातली टाकी फेकून नवी आणायची तर कधी वर्ष जातं, प्लँट बंद राहतो. आणि "काही होत नाही" म्हटलं आणि झालं, तर माणसं मरतात. म्हणून मधला एक रस्ता लागतो. मोजायचं, हिशोब करायचा, आणि मग सांगायचं की अमुक दाबाला, अमुक तारखेपर्यंत चालवा. या शास्त्राला इंग्रजीत फिटनेस फॉर सर्व्हिस म्हणतात. आपण "सेवायोग्यता" म्हणू, पण शॉपफ्लोअरवर सगळे एफएफएसच म्हणतात.

आता पहिली गोष्ट. टाकी डिझाइन करतानाचे नियम वेगळे आणि वापरातली टाकी तपासतानाचे वेगळे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकन एएसएमई कोड घ्या. तो सांगतो नवी टाकी कशी बनवायची. दहा-पंधरा वर्षांनी आत खड्डे पडले, कुठे चीर दिसली, आग लागून गेली, तर काय करायचं हे त्याच्यात फारसं नाही. खूप वर्षं लोक नव्या टाकीचेच नियम जुन्या टाकीला लावत होते. नियमात नाही बसली की भंगार. मग २००० साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं एपीआय ५७९ नावाचं पुस्तक काढलं. २००७ पासून ते एपीआय आणि एएसएमई यांचं संयुक्त मानक आहे. जाड ठोकळा आहे, उशाशी घेऊन झोपता येईल एवढा. सगळीकडे पातळ झालेला पत्रा, एका जागी पातळ झालेला, खड्डे, फोड, चिरा, पोचे, आगीत सापडलेली टाकी, प्रत्येकाला वेगळा भाग. आणि प्रत्येक भागात तीन पायऱ्या. पहिली पायरी म्हणजे ओपीडी, तपासनीस जागेवरच हिशोब करून सांगू शकतो. दुसरी म्हणजे स्पेशालिस्ट. तिसरी म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या टाकीचं मॉडेल करून ताण काढायचे, त्याला पैसा लागतो आणि अक्कल त्याहून जास्त लागते.

एक उदाहरण करून दाखवतो. आकडे घाबरण्यासारखे नाहीत, भागाकार-गुणाकार आहे.

समजा दोन मीटर व्यासाची उभी टाकी, आत दहा बार दाब, म्हणजे साधारण १ मेगापास्कल. पोलाद नेहमीचं, त्याला परवानगी असलेला ताण १३८ मेगापास्कल. वेल्डची सगळी एक्स-रे तपासणी झालेली नाही म्हणून ०.८५ चा गुणक. यावरून पत्र्याची किमान जाडी येते साधारण ८.६ मिलीमीटर. गंजासाठी ३ मिलीमीटर जास्त धरून पत्रा घेतला १२ चा. आता अनेक वर्षांनी आपण जाडी मोजतो. बाकी सगळीकडे ११.५ आहे, पण एका ठिकाणी, समजा तळहाताएवढ्या जागेत, ७.५ च राहिली आहे. किमान पाहिजे ८.६ आणि आहे ७.५. नव्या टाकीच्या नियमानं ही नापास. बंद करा.

पण थांबा. ती पातळ जागा एकटी नाही. तिच्या आजूबाजूला जाड पत्रा आहे आणि तो तिला सांभाळतो. घोंगडीचा एखादा भाग विरला तरी बाकीची वीण धरून असते, तसं. किती सांभाळतो, ते त्या जागेच्या लांबीवर अवलंबून. आता पुढच्या चार वर्षांचा गंज १ मिलीमीटर आधीच वजा करू, कारण आपल्याला आजचं नाही, चार वर्षांनंतरचं सांगायचं आहे. म्हणजे बाकी पत्रा १०.५, पातळ जागा ६.५. जागेची लांबी १०० मिलीमीटर असेल, तर मानकाच्या जुन्या आवृत्तीतल्या साध्या सूत्रानं उरलेल्या ताकदीचा आकडा येतो ०.९२ च्या आसपास. पास व्हायला ०.९ लागतो. म्हणजे पास. जाडी "किमान"पेक्षा दोन मिलीमीटरनं कमी, तरी पास.

तीच जागा ३०० मिलीमीटर लांब असती तर? खोली तीच, एक केसही जास्त नाही. आकडा येतो ०.७६. नापास. नापास म्हणजे भंगार नाही. दाब त्या प्रमाणात उतरवायचा. बाकी पत्रा १०.५ चा, त्याला सुमारे १२.२ बार झेपतात. ते ०.७६ भागिले ०.९ नं खाली आणले तर १०.३ बार येतात. आपल्याला दहाच हवे आहेत. चालेल, पण अगदी काठावर. अशा वेळी मी व्यवस्थापनाला सांगायचो, कागदावर पास आहे, पण माझी सही हवी असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह खाली सेट करून आठ बारला चालवा आणि पुढच्या बंदला पत्रा बदला. काही जण ऐकायचे.

हे सगळं अर्थातच त्या ७.५ वर उभं आहे. ती जाडी कोणी मोजली? कशी मोजली? अल्ट्रासॉनिक गेज म्हणजे छोटा डबा, त्याला वाटाण्याएवढं प्रोब. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५९०० मीटर जातो. तो मागच्या पृष्ठभागावर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून जाडी निघते. पत्र्यावर जेल लावायची, प्रोब टेकवायचं, आकडा वाचायचा. सोपं आहे. म्हणूनच चुकतं. रंगावरून मोजलं तर रंगात आवाज हळू जातो, त्यामुळे गेज रंगाची जाडी दोन-अडीच पटीनं फुगवून पत्र्यात मिळवतं. गरम पत्र्यावर मोजलं तरी आकडा वाढतो. आणि चूक नेहमी वाढवण्याच्या बाजूची, म्हणजे तुम्हाला खूश करणारी.

तिसऱ्या प्रकारची चूक गेजची नसते. एका कारखान्यात मी रजिस्टर पाहिलं. तीन वर्षं ओळीनं, चोवीस जागांवर, दशांशासकट तेच आकडे. मी विचारलं, हे गेजनं मोजलंय की पेननं? (हशा) मोजणारा मुलगा कंत्राटी, उंचीवर चढायला परात नाही, इन्सुलेशन काढायला माणूस नाही. त्यानं मागचं पान उतरवलं. मला त्याचा राग आला नाही. परात न बांधता सही मागणाऱ्याचा आला.

कुठे मोजायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. कॅलिफोर्नियात रिचमंडला शेव्हरॉनची रिफायनरी आहे. ६ ऑगस्ट २०१२ ला तिथला एक पाइप फुटला. गरम तेलातल्या गंधकानं पोलाद खाल्लं जातं, हे जुनंच माहीत होतं. ज्या पोलादात सिलिकॉन कमी, ते जास्त वेगानं खाल्लं जातं, हेही माहीत होतं. त्या लाइनवर मापंही घेतली जात होती. पण मापाच्या जागा जास्त सिलिकॉनवाल्या तुकड्यांवर होत्या. त्यांच्याच मधला एक सरळ तुकडा कमी सिलिकॉनचा, त्याची जाडी फुटण्याच्या जागेजवळ सरासरी नव्वद टक्के गेलेली. गळती दिसल्यावर लाइन बंद न करता लोक जवळ जाऊन इन्सुलेशन काढत होते. पाइप फुटला तेव्हा १९ जण वाफेच्या ढगात सापडले. सगळे वाचले, तो नशिबाचा भाग. आजूबाजूच्या वस्तीतले सुमारे १५ हजार लोक पुढच्या दिवसांत दवाखान्यात गेले.

गंजाचं एक बरं आहे, तो हळू येतो आणि मोजता येतो. चीर तशी नाही. आता थोडं चिरेबद्दल.

१९२० साली ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं काचेवर काम केलं. काच हिशोबानं जितकी मजबूत असायला पाहिजे, त्याच्या कितीतरी कमी ताकदीला का तुटते? कारण तिच्यात आधीच बारीक चिरा असतात, आणि चिरेच्या टोकाशी ताण गोळा होतो. तुम्ही कापडवाल्याकडे बघितलं असेल. तो कापड नुसतं ओढून फाडत नाही. कात्रीनं अर्धा इंच छेद देतो, मग दोन हातांनी टर्रकन. छेद दिला नाही तर पैलवानालाही फाटत नाही.

पोलादाचंही तसंच. चीर असेल तर तीन गोष्टी बघायच्या. ताण किती, चीर केवढी, आणि पोलाद किती चिवट. चीर चौपट लांब झाली की तिच्या टोकावरचा जोर दुप्पट होतो. आणि चिवटपणा कायमचा नसतो. थंडीनं कमी होतो, हायड्रोजन आत शिरला की कमी होतो, चुकीच्या वेल्डिंगनं कमी होतो. म्हणून ज्या टाकीला तुम्ही मागच्या वर्षी पास केलं, तीच टाकी, तोच दाब, तीच चीर, यंदा नापास होऊ शकते.

यातलं एक प्रकरण मी दरवेळी सांगतो. शिकागोजवळ रोमियोव्हिलला युनियन ऑइलची रिफायनरी होती. तिथे एक उभा स्तंभ, जवळपास १९ मीटर उंच, अडीच मीटरहून थोडा जास्त व्यास, पत्रा २५ मिलीमीटर. प्रोपेन-ब्युटेनमधून हायड्रोजन सल्फाइड काढायचं त्याचं काम. १९७० मध्ये सुरू झाला. चार वर्षांत खालच्या एका पट्ट्यात हायड्रोजनमुळे फोड आले, म्हणून १९७४ मध्ये ती गोल पट्टी कापून नवी बसवली. जागेवरच वेल्ड केली. वेल्डनंतर तापवून ताण उतरवायचे असतात, ते केलं नाही. आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे एवढ्या जाडीला ते सक्तीचंही नव्हतं. म्हणजे कोणी चोरी केली नव्हती. काम नियमात होतं.

पण त्या वेल्डशेजारचं पोलाद कडक झालं होतं. आत रोज हायड्रोजन सल्फाइड. हायड्रोजन त्या कडक पट्ट्यात शिरत राहिला, चिरा वाढत राहिल्या. आतून. बाहेर काही दिसत नव्हतं.

२३ जुलै १९८४ ची संध्याकाळ. ऑपरेटरला वेल्डजवळ आडवी चीर दिसली, वीतभर, तिच्यातून वायू येतोय. त्यानं आत येणारा व्हॉल्व्ह बंद करायला घेतला. तेवढ्यात चीर दोन फुटांची झाली. त्यानं लोकांना बाहेर काढायला सुरुवात केली. रिफायनरीच्या अग्निशामक दलाचे लोक येऊन पोचत होते, आणि स्तंभ फुटला. वायूनं पेट घेतला. वरचा १४ मीटरचा तुकडा एक किलोमीटर लांब जाऊन पडला. १७ माणसं गेली.

नंतर अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनं तपास केला. फुटण्याआधीच चिरा जाडीच्या नव्वद टक्क्यांहून खोल गेल्या होत्या आणि सुमारे ८०० मिलीमीटर लांब पसरल्या होत्या. आता हिशोब बघा. आतला दाब १४ बारच्या आसपास. आडव्या वेल्डवर येणारा ताण निघतो ३५ मेगापास्कल. या पोलादाला १३८ ची परवानगी आहे, म्हणजे चौथा हिस्साच वापरला जात होता. डिझाइनचा कागद बघणारा माणूस म्हणाला असता, काळजीच नको. आणि हायड्रोजननं त्या पोलादाचा चिवटपणा अर्ध्याहून कमी केला होता, तो कागदावर कुठेच नव्हता.

त्या ऑपरेटरनं चुकीचं काही केलं नाही, हे मला नेहमी लागतं. त्यानं चीर बघितली, व्हॉल्व्हकडे गेला, लोकांना हलवलं. फक्त निर्णयाची वेळ तेव्हा संपून गेलेली होती. ती काही वर्षं आधी, कुठल्या तरी वार्षिक बंदला, स्तंभाच्या आत शिरून वेल्डवर चुंबकीय पावडर टाकून बघण्याची वेळ होती.

चीर असलेल्या टाकीचं मरण दोन प्रकारचं. एक ठिसूळ, काचेसारखं, अचानक. दुसरं, उरलेला पत्रा ताणून ताणून सोडून देतो ते. मानकात यासाठी एक आलेख आहे. उभ्या बाजूला पहिल्या मरणाच्या किती जवळ, आडव्या बाजूला दुसऱ्याच्या किती जवळ. मधे एक वक्र रेषा. आपला ठिपका रेषेच्या आत पडला तर ठीक. आता तुम्ही विचाराल, चीर किती खोल आहे हे नक्की माहीत नसेल तर? पोलादाचं जुनं सर्टिफिकेट हरवलं असेल तर? हरवलेलंच असतं. मग वाईटात वाईट धरायचं. त्यात बसलं तर बसलं.

लोक एक पळवाट नेहमी काढतात. "साहेब, हायड्रोटेस्ट घेऊ ना. पाणी भरून दीडपट दाब दिला, टिकली, म्हणजे झालं." हायड्रोटेस्ट उपयोगाची आहे, नाही म्हणत नाही. पण ती सांगते की त्या दिवशी, त्या तपमानाला, त्या दाबाला टाकी फुटली नाही. चीर आठ मिलीमीटर आहे की दोन, ते सांगत नाही. वर्षात किती वाढेल, तेही नाही. आणि पाण्याऐवजी हवेनं टेस्ट घेऊ, असं कोणी म्हणालं तर तिथून निघून जा. पाणी दबत नाही, हवा दबते. तेवढ्याच दाबाला हवेत साठलेली ऊर्जा पाण्यापेक्षा हजारो पट असते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. कारखान्याचं नाव विचारू नका. मघाच्याच मापाची टाकी होती, किमान जाडी ८.६. सोळा वर्षांत १२ वरून ९.६ वर आलेली. म्हणजे वर्षाला ०.१५. शिल्लक १ मिलीमीटर, भागिले ०.१५, साडेसहा वर्षांहून जास्त आयुष्य. उरलेल्या आयुष्याच्या अर्ध्या काळात पुन्हा तपासायचं, असा नियम असतो. मी तीन वर्षं लिहिली, सही केली, चहा घेतला, घरी आलो.

चौदा महिन्यांनी तिथल्या सुपरवायझरांचा फोन. वयानं माझ्याहून मोठे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. म्हणाले, "साहेब, दुसऱ्या कामासाठी प्लँट बंद आहे. आपली टाकी एकदा मोजून घ्या." म्हटलं, का हो अण्णा? म्हणाले, "दोन-तीन वर्षांपूर्वी कच्चा माल बदललाय. नवा माल आल्यापासून खालच्या ड्रेनमधून लाल पाणी येतंय." गेलो. जाडी ९.०. चौदा महिन्यांत ०.६ गेली. मग जुनं रजिस्टर नीट उघडलं. माझ्या तपासणीच्या दोन वर्षं आधीचं माप होतं १०.६. म्हणजे चौदा वर्षांत १.४ आणि शेवटच्या दोन वर्षांत १.०. वेग पाचपट झाला होता आणि मी सोळा वर्षांची सरासरी काढून बसलो होतो. तो आकडा माझ्या समोरच्याच पानावर होता. अण्णांनी फोन केला नसता तर तीन वर्षं पूर्ण होताना जाडी ८.१ झाली असती.

त्या दिवशी टाकी लगेच फुटणार नव्हती. पण माझी सही खोटी ठरली होती. त्यानंतर मी कुठेही गेलो की गेज काढायच्या आधी ऑपरेटरना विचारतो. काय बदललं? माल, तपमान, पाणी, आवाज, वास? मानकातही हेच पहिलं काम सांगितलंय, नुकसान कशामुळे होतंय ते आधी ओळखा. मी ते वाचलेलं होतं.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे बॉयलरचा कायदा जुना, त्याचं मूळ १८६३ च्या कलकत्त्यातल्या बॉयलर स्फोटात आहे. १९२३ चा कायदा शंभर वर्षं चालला, आता २०२५ चा आलाय. बॉयलर नसलेल्या प्रेशर व्हेसलना २०२५ पर्यंत कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ३१ लागायचं. गॅसच्या टाक्या आपल्या नागपूरच्या पेसोकडे. ही सर्टिफिकेटं हवीतच. पण सर्टिफिकेटची तारीख गंजाला वाचता येत नाही.

प्रश्न : कागदावर टाकी पास आहे, पण तुमचं मन मानत नाही. मग काय करता?

उत्तर : दोन्ही घडलंय, उलटही. मन मानत नाही म्हणजे बहुतेक वेळा कुठला तरी आकडा मी गृहीत धरलेला असतो आणि मला तो आतून माहीत असतो. मग कागदावर बसून तोच आकडा शोधतो आणि तो मोजायला पैसे मागतो. पैसे मिळाले नाहीत तर दाब कमी करून मागतो. तोही मिळाला नाही तर सही करत नाही. दोनदा कामं गेली त्यापायी. तिसऱ्यांदा त्यांनीच परत बोलावलं. आणि एक, गळती सुरू झालेली असेल तर यातलं काहीच नाही. तेव्हा हिशोब करायचा नसतो. आधी दाब काढा, माणसं लांब न्या.

प्रश्न : आमच्या गल्लीत पंक्चरवाला आहे. त्याची हवेची टाकी पार गंजलीय. ती धोक्याची आहे का?

उत्तर : बरं विचारलंत. बाहेरून गंजलेली दिसते त्यापेक्षा आतून कशी आहे ते महत्त्वाचं. हवेबरोबर ओल येते, पाणी तळाशी साचतं, आणि तळ आतून खाल्ला जातो. त्याला सांगा, खालचा ड्रेन कॉक रोज रात्री उघडायचा. कॉक गंजून बसला असेल, उघडतच नसेल, तर समजा वर्षानुवर्षं पाणी आत आहे. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून बघायची, फुस्स झालं पाहिजे. लाकडाची खुंटी ठोकलेली असेल तर... हसू नका, मी बघितलीय. तळाशी कुठे पाण्याचा थेंब किंवा बारीक शीळ आली, तर वेल्डरकडून ठिगळ लावून घ्यायचं नाही. एका जागी भोक पडलंय म्हणजे आजूबाजूचा पत्राही कागद झालेला असतो, आणि त्याच्यावर वेल्डिंग टिकत नाही. जवळच्या कुठल्याही तपासणीवाल्याकडे गेज असतं, दहा मिनिटांचं काम आहे. तळाला सहा-सात ठिकाणी मोजून घ्या, कॉकच्या भोवती जरा जास्त. आणि तोपर्यंत त्याच्या पोराला त्या टाकीवर बसून डबा खाऊ देऊ नका.